जुन्या किटमधील डिकल पाण्यात तुटत असल्यास

भारतीय हवाई दलाच्या नॅट या लढाऊ विमानाच्या आपल्या १:७२ प्रमाणातील मॉडेलचे पंखावरील राऊंडेल, म्हणजे हवाई दलाचे गोल चिन्ह, पाण्यात टाकताच त्याचे तुकडे झाले, आणि आता डिकलची (पाण्यात भिजवून, कागदावरून सोडवून मॉडेलवर चिकटवायच्या छापील चिन्हांची) उरलेली शीट वापरावी की परदेशातून नवी मागवावी, हा आपला प्रश्न वाचला. काही वर्षांपूर्वी लातूरला हरिकेन या लढाऊ विमानाचे मॉडेल बांधताना हेच संकट माझ्यावर आले होते, म्हणून सविस्तर लिहितो. सांधे घासणे, प्रायमर, डिकलपूर्वीचा ग्लॉस कोट यांत शिरत नाही. ते आपणास ठाऊक असणारच. तूर्त उरलेली शीट पाण्याजवळ नेऊ नका.

माझे हरिकेन १९४४ मध्ये इंफाळ येथे अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वॉड्रनचे व्हावे, असे मनात होते. जपानी विमानांच्या लाल गोलाशी घोटाळा होऊ नये म्हणून त्या आघाडीवर तेव्हाच्या ब्रिटिश धर्तीच्या राऊंडेलमधील लाल रंग काढून टाकला होता, आणि तशी निळी चिन्हे असलेले किट मला मोठ्या मुश्किलीने मिळाले होते. ते मी आठ उन्हाळे पत्र्याच्या खोलीत ठेवले. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२ अंश असतात. पत्र्याखाली काय होत असेल ते सांगायला नको. शेजारीच माळवदाची थंडगार खोली होती, पण तेव्हा ते सुचले नाही. चार महिने खपून रंगकाम पूर्ण केले आणि एकही चाचणी न घेता पहिल्याच फटक्यात पंखावरचे सर्वांत मोठे राऊंडेल पाण्यात सोडले. बांगडी फुटावी तसे त्याचे तुकडे झाले. खरी चूक त्यानंतरची आहे. तेथेच थांबायचे सोडून, पहिलेच खराब असेल अशा आशेने मी दुसरे टाकले, मग तिसरे टाकले, आणि पंखांसाठी काहीच उरले नाही. आपले एकच गेले आहे, म्हणजे आपल्या हातात अजून पुष्कळ आहे.

उरलेल्या कोरड्या शीटवर पारदर्शक ग्लॉस लॅकरचे दोन पातळ थर फवारा आणि ती पूर्ण एक दिवस वाळू द्या. या थराने सगळी शीट एकसंध होते, त्यामुळे प्रत्येक चिन्ह त्याच्या कडेलगत स्वतंत्र कापावे लागते. मग जे चिन्ह आपल्या विमानाला लागणारच नाही, ते आधी भिजवून पाहा. बहुतेक शीटवर दुसऱ्या विमानाचे पर्यायी क्रमांक असतातच. प्रत्येक कंपनीची शाई आणि लॅकर सारखे वागत नाही, त्यामुळे खात्री देत नाही. फवारताना खिडक्या उघड्या ठेवा आणि मास्क लावा.

नवी शीट मागवायचीच असेल, तर तिच्यासोबत रंग मागवू नका. टपालखर्च वाचवण्यासाठी मी त्याच पार्सलमध्ये इनॅमलच्या चार डब्या मागवल्या. ज्वलनशील द्रव हवाई टपालाने चालत नाहीत, हे मी आधी पाहायला हवे होते, ती चूक माझीच. परंतु ज्या कार्यालयात पार्सल अडकले, तेथे रंगाबद्दल कोणी विचारलेच नाही. बिलावर ‘एअरक्राफ्ट’ हा शब्द पाहून विमानाचे सुटे भाग आणण्याचा परवाना मागितला गेला. मी रजा काढून तीन वेळा गेलो, तळहाताएवढ्या कागदावर छापलेली चित्रे आहेत असे लेखी दिले, आणि प्रत्येक वेळी साहेब नाहीत, उद्या या, हेच ऐकले. शेवटी पार्सल परत गेले. नियम असावेत, पण समोरचा कागद उघडून पाहण्याची तसदी कोणी घेऊ नये, याचा राग आजही जात नाही. बिलावर फक्त ‘छापील स्टिकर, छंदासाठी’ असे लिहिण्यास विक्रेत्याला आवर्जून सांगा.

माझे ठाम मत विचाराल, तर राऊंडेल रंगवूनच काढावेत. वर्तुळ कापण्याच्या कटरने मास्किंग टेपचे मास्क करा. आधी पूर्ण तबकडी पांढरी रंगवून वाळू द्या, पांढरे कडे झाकून मधला हिरवा आणि बाहेरचा केशरी भरा. केशरी रंग फार कमी झाकतो. १९६५ च्या चंदेरी नॅटवर तो थेट लावला तर मळकट दिसतो, त्याखाली पांढरा हवाच. नॅटचा पंखविस्तार या प्रमाणात जेमतेम नऊ-साडेनऊ सेंटिमीटर भरतो, म्हणून कटरचे पाते नवे घ्या. मात्र शेपटीवरचे बारीक क्रमांक हाताने जमत नाहीत. लॅकर दिलेली शीट त्यांच्यासाठी राखून ठेवा.

एक जोडून सांगतो: भिजवायला बोअरचे पाणी घेऊ नका. त्यातील क्षार वाळल्यावर डिकलभोवती पांढरे डाग उमटतात आणि ते नंतर निघत नाहीत. फिल्टरचे पाणी कोमट करून वापरा. माझ्या शीटवरचे उरलेले क्रमांक लॅकर देऊन याच पाण्यात सोडले, तेव्हा अखंड सुटले, आणि हरिकेनच्या मागच्या कापडी भागाच्या बारीक फासळ्यांवर मायक्रो सॉल या डिकल मऊ करणाऱ्या द्रवाच्या दोन हातांत नीट बसले.