सासूबाईंना वार घरी न्यायचीय आणि डॉक्टर हसले

पत्र थोडक्यात असं: "मावशी, मी नाशिकची, आता मिनेसोटात सेंट पॉलला असते. नवरा ह्मोंग, म्हणजे लाओसच्या डोंगराळ भागातल्या जमातीचा, जन्म इथलाच, पण सासूबाई लाओसच्या, लहानपणी मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या निर्वासित कॅम्पात आलेल्या. मला सातवा चालू आहे, डेट जानेवारीची. सासूबाई म्हणतात बाळाची वार (प्लॅसेंटा) घरी आणायची, महिनाभर गार पाणी बंद, खायचं फक्त गरम भात आणि पाला घालून उकडलेली कोंबडी, आणि मी शाकाहारी! मागच्या व्हिजिटला त्यांनी वारेचं विचारलं तर डॉक्टर हसले, तेव्हापासून त्या माझ्यासोबत येतच नाहीत. नवरा म्हणतो मॉमशी तूच बोल. डिसेंबरात माझी आई पण येतेय. काय करू?"

अगं, आधी त्या नवऱ्याला जागेवर आण. लाओसच्या डोंगरात बाळंतपण घरीच व्हायचं आणि बरेचदा बाईच्या मदतीला तिचा नवराच असायचा, बाळ झेलायलासुद्धा. म्हणजे सासरे जे करायचे ते याला बोलूनही करता येत नाहीये, हे त्याला माझ्यातर्फे सांग.

आता वार. सासूबाईंसाठी ती कचऱ्यात टाकायची वस्तू नाहीये, ते बाळाचं पहिलं वस्त्र आहे. मुलगा झाला तर घराच्या मुख्य खांबापाशी पुरायची, मुलगी झाली तर आईबापाच्या पलंगाखाली. माणूस मेला की त्याचा जीव राहिलेल्या गावांतून उलटा प्रवास करत जन्मघरी जातो, ते वस्त्र अंगावर घालतो आणि मग पूर्वजांकडे पोचतो, ते नसेल तर भटकत राहतो. १९७५ मध्ये लाओसात कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि ज्यांची गावंच मागे सुटली त्या बाईला हे किती लागत असेल बघ, आणि त्यावर डॉक्टर हसले. मला तर त्यांचाच राग आला. आपल्याकडे गावात वार अंगणात पुरायचेच की, तुझ्या आजीला विचार.

हॉस्पिटलकडे आत्ताच चौकशी कर, बऱ्याच ठिकाणी एका फॉर्मवर सही करून वार नेता येते. स्वतःचा कूलर न्यायचा, आणि वार फॉर्मॅलिनमध्ये (टिकवायच्या रसायनात) टाकू नका हे चार्टवर लिहून घ्यायचं. इन्फेक्शन वगैरे असलं तर ती तपासणीला पाठवतात, मग मिळेलच असं नाही, हे सासूबाईंच्या कानावर आधीच घाल. आणि जानेवारीत सेंट पॉलची जमीन दगड झालेली असते, तेव्हा उन्हाळ्यापर्यंत फ्रीजरचा एक कप्पा गेला असं समज. पुरायची कुठे ते त्या ठरवतील, अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या कित्येक ह्मोंग घरांनी हे सोडूनही दिलंय, त्यामुळे त्यांच्याकडे काहीतरी तोड असेल.

गार पाण्यावरून भांडू नकोस. अमेरिकन हॉस्पिटलात बाळंतिणीपुढे बर्फाचा जग ठेवतात, ते बघून तुझी आई सासूबाईंच्या आधी ओरडेल. गरम पाण्याचा थर्मास ने. टाक्यांवर बर्फाची पिशवी मात्र देतात, सुजेला बरं वाटतं, ती घ्यायची की नाही ते तू ठरव. तिसऱ्या दिवशी जीव बोलवायचा विधी असतो, दारात उभं राहून बाळाच्या जिवाला घरात बोलावतात, कोंबडी, अंडी, तांदूळ, उदबत्ती असं सगळं लागतं, मनगटाला दोरे बांधतात. कोंबडी विधीला असेल, तू खाल्लीच पाहिजे असं नाही. बाळाला कोणी मोठ्याने "किती गोड!" म्हणालं तर त्या दचकतील, वाईट शक्तींना ऐकू जाईल म्हणून, तर आईला आधीच सांगून ठेव. तीट लावणाऱ्या बाईला हे समजायला मिनिट लागणार नाही.

जेवणाचं मात्र स्पष्ट बोल, तेही आत्ता, बाळ झाल्यावर नाही. पाल्याचं पाणी भाताबरोबर चालेल का, टोफू घालून उकळता येईल का, हे त्यांनाच विचार, विचारलं की माणूस अर्धं ऐकतं. तो पाला कुठला ते डॉक्टरला दाखव. आणि प्रोटीन, लोह यांची सोय डाळ, नाचणी, अळीव यातून आई करेल, एका किचनमध्ये दोन बायका म्हणजे थोडी धुसफूस होणारच, तेव्हा तू झोपून घे.

जिथे मागे हटायचं नाही ते पण सांगते. सिझर, भूल, रक्त तपासणी यावर सही तुझी एकटीची असते, घरातल्या मोठ्यांची नाही. पोट कापलं, सारखं रक्त काढलं की जीव निसटेल अशी भीती त्यांच्या पिढीत खरी आहे, म्हणून कुठल्या वेळी सिझर करावं लागेल हे त्यांनी कळा सुरू व्हायच्या आधी डॉक्टरकडून ऐकू दे, दुभाष्या घेऊन. दुभाष्या फुकट मागायचा हक्क आहे, नवऱ्याला दुभाष्या करू नकोस, तो अर्धं गाळेल. बाई डॉक्टरनेच आतून तपासावं असं हवं असेल तर तेही लिहून दे. हिपॅटायटिस बी चं लाओसच्या बाजूला प्रमाण बरंच असतं, तुझी टेस्ट प्रेग्नन्सीत झालीच असेल, नवऱ्याची करून घे. तुझी पॉझिटिव्ह असेल तर बाळाला १२ तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) दोन्ही द्यावं लागतं, तिथे "बाळाला सुया नको" चालणार नाही.

बाळंतिणीने महिनाभर दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही ही त्यांची रीत, ती पाळ, आराम मिळेल. पण बाळाची पहिली तपासणी चुकवायची नाही, कावीळ आणि वजन बघतात. कानटोपी, मोजे घालून जा. आणि तासात एक पॅड पूर्ण भिजला, अंड्याएवढी गाठ पडली, ताप १००.४ च्या वर गेला, डोकं दुखायचं थांबायचं नाव घेईना, डोळ्यापुढे चमकलं, धाप लागली, तर विधी, महिना, थंडी सगळं बाजूला ठेवून लगेच फोन करायचा आणि निघायचं. हे नवऱ्याकडून ह्मोंगमध्ये सासूबाईंना नीट सांगून ठेव, कारण रात्री दोनला तुझ्याजवळ जाग्या बहुतेक त्याच असतील.