आयरिश नाम पाठ करताना 'अन'सकट करा

नुसतं 'ब्यॅन' (बाई) पाठ करू नका, 'अन व्यॅन' म्हणा. 'अन' हे निश्चित उपपद, इंग्रजीतल्या 'द' (the) सारखं. अनिश्चित उपपद आयरिशमध्ये नाहीच. लिंगं दोनच. स्त्रीलिंगी नामाचा पहिला वर्ण 'अन'नंतर मऊ होतो (इथे 'ब'चा 'व'), पुल्लिंगी 'अन फ्यार' (पुरुष) तसाच राहतो. विशेषणही नामानंतर येऊन तसंच वागतं: 'अन व्यॅन वोर', पण 'अन फ्यार मोर'. मोर म्हणजे मोठा.

षष्ठीत ('चा-ची-चे'च्या अर्थी) मात्र पारडं फिरतं: पुल्लिंगी नाम मऊ होतं, स्त्रीलिंगी नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं. पुरुषाची टोपी 'हाटा अन इर' (फ उच्चारातून गळतो), बाईची 'हाटा ना म्नॉ' (इथे 'अन'चं 'ना' होतं). मराठीत सामान्यरूप शेवटाला होतं, इथे सुरुवातही बदलते. म्हणून शब्दकोशात 'व्यॅन' शोधू नका, 'ब' उघडा. द आणि त 'अन'नंतर मऊ होत नाहीत.