ग्रीनबर्गचे ते नऊ दिवस

प्रिय मित्रा,

तुझा लेख परवा रात्री वाचला, काल सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचला. मेहनत दिसते आहे. १८६६ साली आठवड्याला २० डॉलर घेऊन खेळणाऱ्या लिप पाइकपासून थेट मॅक्स फ्रीडपर्यंत बेसबॉलमधले अकरा ज्यू खेळाडू तू ओळीने उभे केलेस. पण लग्नात आहेर वाचून दाखवतात ना, तसं झालंय. नाव, आकडा, पुढचं नाव. खेळाच्या पानावर माझी तीस वर्षं गेली आणि अशा याद्या मीही पुष्कळ छापल्या, म्हणून हक्काने सांगतो: दहा जणांना काट मार. हँक ग्रीनबर्ग ठेव. त्यातही १९३४ चा सप्टेंबर ठेव.

त्या महिन्याबद्दल तुझं एकच वाक्य आहे, "ग्रीनबर्गने धर्मासाठी सामना नाकारला." खरं आहे, पण अर्धं. त्याच्या संघाने, डेट्रॉइट टायगर्सने, १९०९ नंतर अमेरिकन लीग (अमेरिकेतल्या दोन मोठ्या बेसबॉल लीगपैकी एक) जिंकलेली नव्हती. पंचवीस वर्षांनी संधी चालून आलेली, आणि फर्स्ट बेसवर उभा हा तेवीस वर्षांचा ताडमाड पोरगा. आईवडील रोमानियातून आलेले, घर ब्राँक्समधलं, सोवळंओवळं पाळणारं. आणि गाव कुठलं, तर हेन्री फोर्डचं. फोर्डच्या मालकीच्या साप्ताहिकाने १९२० च्या दशकात ज्यूंविरुद्ध गरळ ओकायचं बाकी ठेवलं नव्हतं. अशा गावात, ऐन मोक्याला, ज्यूंचा नववर्षदिन आला: रोश हशाना, १० सप्टेंबर. खेळायचं की नाही यावर गावभर काथ्याकूट. रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, विचारून झालं, वर्तमानपत्रांत छापून झालं.

तो खेळला! समोर बॉस्टन रेड सॉक्स. टायगर्स एका रनने मागे असताना सातव्या इनिंगमध्ये त्याने होम रन (चेंडू मैदानाबाहेर टोलवून सगळे बेस फिरून येणं) मारून बरोबरी केली, आणि नवव्या इनिंगमध्ये दुसरा मारून सामना संपवला. २-१. संघाचे दोन्ही रन त्याचे. नऊ दिवसांनी, १९ सप्टेंबरला, योम किप्पूर आला, उपासाचा आणि क्षमायाचनेचा दिवस, ज्यूंच्या वर्षातला सर्वांत मोठा. त्या दिवशी तो मैदानावर गेला नाही, सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनागृहात, गेला. टायगर्स यँकीजकडून ५-२ ने हरले.

आता अडचणीचं सांगतो. १९ तारखेपर्यंत टायगर्सची आघाडी चांगली वाढलेली होती. एक सामना गेला तरी आभाळ कोसळणार नव्हतं. तू हे वाचलं असणार, आणि लिहिलं तर त्याग छोटा दिसेल म्हणून गाळलं असणार. रोश हशानाचा सामनाही त्याच भीतीने गाळलास. माझ्या मते सगळा जीव तिथेच आहे. एका सणाला खेळला, दुसऱ्याला नाही. घर, गाव, संघ, सगळ्यांचं थोडंथोडं ऐकून त्या पोराने आपली वाट काढली. देवळातल्या मूर्तीपेक्षा हा माणूस मला जास्त ओळखीचा वाटतो.

दुसरी गोष्ट, १९३८ ची. तू लिहितोस की बेब रूथचा एका मोसमातला ६० होम रनांचा विक्रम एका ज्यूने मोडू नये म्हणून पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, मुद्दाम त्याला खेळण्याजोगा चेंडू टाकत नव्हते. हे सगळीकडे सापडेल. पण खुद्द ग्रीनबर्गने ते उडवून लावलं होतं. पाच सामने उरले असताना त्याचे ५८ झालेले होते, आणि तिथेच गाडी अडली. शेवटच्या दिवशी क्लीव्हलँडला दोन सामने होते. पहिल्यात बॉब फेलर नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराने अठरा वेळा बॅटरला स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडूंवर चकवून बाद, केलं, आणि दुसरा अंधार पडल्यामुळे आवरता घ्यावा लागला. कट शोधणाऱ्यांनी त्या अंधाराचं काय करायचं? ग्रीनबर्गला शिव्या मिळाल्या नाहीत असं नाही. १९३५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या अजिंक्यपदाच्या मालिकेत, शिकागो कब्जच्या बाकावरून इतकं घाण येत होतं की अंपायर जॉर्ज मोरियार्टीला त्यांना तंबी द्यावी लागली. ते लिही. ते घडलेलं आहे.

ऐकीव किस्से मलाही भोवलेत. एका जुन्या कबड्डीपटूच्या मृत्युलेखात मी एका सामन्याचा असाच रंगतदार प्रसंग घातला होता. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा कार्यालयात आला, समोर बसला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "बाबा त्या सामन्यात नव्हतेच." ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

तुझ्या यादीतला पिचर सँडी कोफॅक्स, त्याला सोडवत नसेल तर एक परिच्छेद दे. पण १९६५ च्या योम किप्पूरला वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना तो खेळला नाही, एवढ्यावर थांबू नकोस. त्याच्या जागी डॉन ड्रायसडेल उतरला आणि तिसरी इनिंगही पुरी न करता मार खाऊन परतला. मॅनेजर त्याच्याकडून चेंडू काढून घ्यायला, म्हणजे त्याला बदलायला, आला तेव्हा, "मीही ज्यू असतो तर बरं झालं असतं, नाही का?" अशा अर्थाचं तो म्हणाला म्हणतात. दुसऱ्या दिवशी कोफॅक्स आला आणि तोही हरला. हे फारसं कोणी सांगत नाही. मग पाचवा सामना जिंकला, आणि फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर सातवाही, २-०. त्या दिवशी त्याचा कर्व्ह, म्हणजे वळणारा चेंडू, पडतच नव्हता. सुजणाऱ्या कोपराने तो बहुतेक नुसता फास्टबॉल टाकत राहिला. आणि हो, योम किप्पूरला सेंट पॉलच्या सिनेगॉगमध्ये त्याला पाहिल्याचं छातीठोक सांगणारे आहेत. त्याच्या चरित्रकार बाईंच्या मते तो हॉटेलच्या खोलीत एकटा होता. तू सिनेगॉग लिहिलं आहेस. खोड.

भाषेचं थोडं. होम रनला षटकार म्हणू नकोस, फर्स्ट बेसला स्लिप तर नकोच. एकदा नीट समजावून सांग, पुढे तोच शब्द वापर. वाचक शहाणा असतो. आणि "सॅबाथ पाळणारे" असं परकं काही लिहिण्याआधी आठव, की शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायलींना, म्हणजे आपल्याकडच्या ज्यूंना, कोकणात शनिवार तेली म्हणत. कामाचा दिवस सोडून देणारी माणसं अलिबागच्या वाचकाला नवी नाहीत. योम किप्पूरला ही मंडळी दारं लावून घरात बसत, आणि त्या सणाचं त्यांचं मराठी नावही बंद दारावरूनच आलेलं. एवढी एक ओळ पुरे, त्याहून जास्त ताणू नकोस. ग्रीनबर्गचा कोकणाशी काही संबंध नव्हता.

शेवट मात्र बदल. हॉल ऑफ फेम, १९५६, वगैरे कोणीही लिहील. १९ सप्टेंबरला तो सिनेगॉगमध्ये शिरला तेव्हा आत प्रार्थना चालू होती, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. योम किप्पूरच्या प्रार्थनेत टाळ्या! दिवसभर उपाशी, पापांची क्षमा मागायला जमलेली माणसं, आणि दारातून आत येतोय फर्स्ट बेसमन. तिथे त्या क्षणी नक्की काय झालं, रब्बी थांबले का, हा कुठे जाऊन बसला, ते त्याच्या आत्मचरित्रातून आणि त्या आठवड्याच्या डेट्रॉइटच्या वर्तमानपत्रांतून हुडकून काढ. सापडेल तेवढंच लिही. गुरुवारपर्यंत पाठवलंस तर रविवारी मी निवांत वाचेन.

तुझा,
काका