इलेक्ट्रिक कारचे हेडलाइट घरच्या घरी बदलता येतात का? शॉक बसायची भीती असते का?

हो, येतात. मी माझ्या गाडीचे स्वतः बदललेत, आणि पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा तुम्ही लिहिलीय तीच भीती माझ्याही मनात होती. तुमचे हॅलोजन दिवे कमी पडतात, बाहेरून पूर्ण एलईडी असेंब्ली, म्हणजे काचेसकट अख्खा दिवा, घ्यायचा विचार आहे, आणि त्याने रेंज वाढेल का हेही तुम्ही विचारलंय.

आधी शॉकचं सांगतो. गाडी पळवणारी मोठी बॅटरी साधारण ४०० व्होल्टची असते, काही गाड्यांत ८०० ची. पण हेडलाइट तिच्यावर थेट चालत नाहीत. बहुतेक गाड्यांत त्यांच्यासाठी १२ व्होल्टची वेगळी छोटी बॅटरी असते, पेट्रोल गाडीत असते तशीच. फरक एवढाच, की इथे ती अल्टरनेटर भरत नाही, मोठ्या बॅटरीतली वीज उतरवून देणारा कन्व्हर्टर भरतो. काही गाड्यांत हा कन्व्हर्टर गाडी उभी असतानाही आपोआप सुरू होतो, म्हणून गाडी बंद केली की झालं असं समजू नका. चार्जिंगची केबल काढा, चावी लांब ठेवा, मग छोट्या बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. काही गाड्यांत त्याआधी एक सर्व्हिस प्लग, म्हणजे मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा प्लग, काढायचा असतो. तुमच्या मॅन्युअलमध्ये क्रम दिलेला असेल तोच पाळा. आणि नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसतील, त्यांना हात लावायचा नाही. बाजूला सारायलासुद्धा नाही. दिवे बदलताना त्यांची गरजच पडत नाही.

टर्मिनल सोडवण्याआधी बॉनेट उघडं आहे ना, एक काच खाली आहे ना, हे बघून घ्या. ज्या गाड्यांची कुलुपं विजेवर चालतात त्या नंतर उघडत नाहीत.

रेंजचा मुद्दा लगेच मिटतो. दोन हॅलोजन मिळून सुमारे ११० वॅट खातात, एलईडी त्याच्या निम्मे. गाडी रस्त्यावर धावताना काही हजार वॅट घेत असते. त्यापुढे दिव्यांवर वाचलेली वीज शेकडा एकच्या आसपास. रेंजसाठी हा खर्च करू नका, नीट दिसावं म्हणून करा.

खरेदीत मात्र घाई नको. जुन्या हॅलोजनच्या घरात नुसता एलईडी बल्ब बसवायचा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. मी देणार नाही. त्या घरातला आरसा हॅलोजनच्या इवल्याशा तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीची चिप त्या जागेवर तशी बसत नाही, प्रकाश फाटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. पूर्ण असेंब्लीच घ्या. ती घेताना काचेवर मान्यतेची खूण आहे का बघा, आणि ती तुमच्याकडच्या वाहतुकीच्या बाजूची आहे का तेही बघा. डिप केल्यावर प्रकाशाची वरची कड एका बाजूला चढते. वाहनं डावीकडून चालतात तिथल्या दिव्यात ती डावीकडे, कडेच्या पायवाटेकडे चढायला हवी. उलट बाजूचा दिवा घेतलात तर ती चढलेली कड थेट समोरून येणाऱ्याच्या तोंडावर पडते, आणि कितीही स्क्रू फिरवले तरी ते सुधारत नाही.

बसवायचं काम तसं सरळ आहे. बहुतेक गाड्यांत पुढचा बंपर सैल करावा लागतो. त्याच्या क्लिपा थंडीत कडक होऊन तुटतात, म्हणून ऊन असताना काम करा आणि पाच-सहा क्लिपा जास्तीच्या आणून ठेवा. बंपर ओढू नका. आत पार्किंग सेन्सरच्या, पादचाऱ्यांसाठी आवाज काढणाऱ्या स्पीकरच्या वायरी असतात. काही गाड्यांत रडारही तिथेच असतं. ते जागचं हललं तर कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नेमकी दिशा पुन्हा जुळवून, घ्यावं लागतं. नवा कनेक्टर जुन्यात कट्ट आवाज करून बसला पाहिजे. नसेल बसत तर वायर कापून जोडू नका, जोड-हार्नेस, म्हणजे दोन्ही कनेक्टरना जुळणारी तयार वायर, मागवा. डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची सूचना आली तर घाबरू नका. एलईडी कमी करंट घेतो म्हणून गाडीला तसं वाटतं. त्यावर गाडीच्या मॉडेलप्रमाणे वायरमध्ये जोडायचं मॉड्यूल किंवा गाडीच्या संगणकात करायचं कोडिंग असतं. तुमची गाडी मुळात मॅट्रिक्स दिव्यांची, म्हणजे समोरच्या वाहनापुरता प्रकाश आपोआप झाकणाऱ्या दिव्यांची, असती तर मात्र मी हे काम घरी करू नका म्हटलं असतं.

आता जे मी चुकलो ते. दिवे बसवले, लख्ख प्रकाश पडला, आणि मी तसाच रात्री बाहेर पडलो. समोरून सायकलवर एक आजोबा येत होते. त्यांनी डोळ्यांवर आडवा हात धरला आणि सायकल रस्त्याखाली उतरवली. मी डिपवरच होतो. घरी येऊन दिवे बंद केले आणि किरणांची उंची लावेपर्यंत पुन्हा रात्री गाडी काढली नाही.

म्हणून जुने दिवे काढण्याआधीच संध्याकाळी गाडी सपाट जमिनीवर, भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या जागी कुणीतरी बसलेलं, दिव्यांची उंची बदलायचं गाडीतलं छोटं चाक शून्यावर. डिप लावा आणि भिंतीवर उजेड संपून अंधार सुरू होतो त्या रेषेवर कागदी टेप चिकटवा. नवे दिवे बसले की मागचा उंचीचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत ती रेषा टेपवर आणा. एकेक दिवा लावा, दुसऱ्यावर जाड कापड टाका. जुन्यांवरच विश्वास नसेल तर हिशेब असा: दिव्यावर १% लिहिलेलं असेल, तर १० मीटरवर ही रेषा दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली हवी. दिव्याचा मध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल, तर टेप ५५ वर.

पहिल्या पावसानंतर दिव्याच्या काचेला आतून काही धरलंय का बघा. कोपऱ्यात हलकं बाष्प धरलं आणि दिवा लावल्यावर गेलं तर चालतं. थेंब ओघळताना दिसले तर मागचं रबरी झाकण नीट बसलेलं नाही, काढून पुन्हा लावा. जुने दिवे टाकू नका. वाहन तपासणीत नव्यांना हरकत घेतली तर तेच परत बसवावे लागतील.