हॅमॉकमध्ये पाठ गारठते. शिवणकाम फारसं येत नाही, तरी अंडरक्विल्ट घरी शिवता येईल का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: डिसेंबरात ट्रेकला हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमधे बांधायची कापडी झोळी नेता, अंगावर बरी स्लीपिंग बॅग असूनही खालून पाठ गार पडते, घरात शिलाई मशीन आहे पण सरळ टिपेपलीकडे काही येत नाही, आणि अंडरक्विल्ट, म्हणजे हॅमॉकखाली टांगायची रजई, विकत घ्यायची नाहीये.

शिवता येईल. मी पहिली शिवायला बसले तेव्हा मला उशीचे अभ्रे आणि पडदे एवढंच येत होतं. या कामात एकही वळणाची टीप नाही. फक्त एक गोष्ट डोक्यातून काढावी लागते, आणि ती आपल्या लोकांना जरा जड जाते: गोधडी.

माझ्या सासूबाई साताऱ्याकडच्या. जुन्या नऊवारींचे थर एकावर एक घालून, कडेपासून आत आत जाणारा धावदोरा घालत त्यांनी घरातल्या प्रत्येक बाळासाठी गोधडी शिवलीय. रजईत भरायला आणलेलं माझं पॉलिफिल, म्हणजे पॉलिएस्टरचा कापूस बघून म्हणाल्या, "अगं, मधे टाके नाही घातलेस तर ते सगळं एका कोपऱ्यात गोळा होऊन बसेल." मला पटलं. मी चार-चार इंचांवर आरपार उभ्या टिपा मारल्या. दिसायला इतकी देखणी झाली की फोटो काढून चार जणांना पाठवले. मग भंडारदऱ्याजवळ ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बांधावर, दोन आंब्यांच्या मधे हॅमॉक बांधून झोपले आणि पहाटे तीनला जागी झाले. पाठीवर कुणी थंडगार पट्टीने रेघा ओढाव्यात तसं वाटत होतं. हात खाली घालून चाचपलं, तर जिथे टीप तिथे गारठा आणि दोन टिपांच्या मधे ऊब.

कारण साधं आहे. ऊब कापडात नसते, पॉलिफिलच्या तंतूंमधे अडकून पडलेल्या हवेत असते. आरपार टीप मारली की त्या रेषेवर वरचं कापड खालच्याला चिकटतं, हवेला जागाच उरत नाही. तुमची स्लीपिंग बॅग खालून निकामी होते तीही यामुळेच: तुमच्या वजनाने ती अंगाखाली चेपते. जमिनीवर निदान मॅट असते, हॅमॉकखालून तर वारा वाहतो. अंडरक्विल्ट हॅमॉकच्या बाहेरून टांगलेली असल्यामुळे तिच्यावर वजन येत नाही आणि ती फुगलेली राहते. एवढीच तिची करामत.

पण सासूबाईंचंही चुकलं नव्हतं. आपल्याकडे गादी-सोफ्याच्या सामानाच्या दुकानात मिळणारं रोलचं पॉलिफिल तुटक तंतूंचं असतं आणि मोकळं सोडलं तर खरंच सरकतं. परदेशात लोक याच कामासाठी क्लायमाशील्ड एपेक्स नावाचं भरण वापरतात. त्याचे तंतू अखंड असतात, म्हणून कडेला शिवलं की पुरतं. आपण मधला मार्ग काढायचा: पॉलिफिल फक्त आतल्या कापडाला, हाताने, सैल टाचायचं. साधारण वीतभर अंतरावर एकेक टाका, दोरा न ओढता गाठ. बाहेरच्या कापडापर्यंत सुई जाऊच द्यायची नाही.

मशीनवरची धूळ झटकण्याआधी दोन स्वस्त पर्याय बघून घ्या. साधी फोमची मॅट हॅमॉकमधे घातली तरी पाठ वाचते, कारण तो फोम फारसा चेपत नाही. रात्रभर ती इकडेतिकडे सरकते आणि खाली घाम येतो, पण पहिल्या ट्रिपला चालून जातं. दुसरं म्हणजे घरात एखादी जुनी, चेन बिघडलेली पॉलिएस्टरची स्लीपिंग बॅग असेल तर चेन उसवून ती सपाट उघडा, दोन्ही लांब बाजूंना नेफा शिवा, त्यातून इलॅस्टिक ओवा आणि टांगा. अर्ध्या दिवसाचं काम. माझ्या मते नवशिक्याने हेच आधी करावं. आयत्या बॅगेला आरपार टिपा असतात हे खरं, पण टांगायची कशी हे तरी कळतं.

आता नव्याने शिवायची तर. सह्याद्रीत हिवाळ्यात रात्री ८ ते १० अंशांपर्यंत पारा उतरतो असं धरा, त्याला २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) पॉलिफिल पुरतं. नुसतं 'जाड द्या' म्हणू नका, जीएसएम विचारा. १०० चे दोन थर घेतलेत तर आणखी चांगलं, एकातली विरळ जागा दुसरा झाकतो. आकार १२० बाय १३५ सेंटिमीटर, म्हणजे खांद्यापासून गुडघ्याखालपर्यंत. पायांखाली बसायच्या फोमचा छोटा तुकडा टाकायचा. एवढी रजई इलॅस्टिकसकट साधारण ५५० ग्रॅम भरते.

कापड पातळ नायलॉन किंवा पॉलिएस्टर टॅफेटा, ५८ इंच पन्ना, आतलं आणि बाहेरचं दीड-दीड मीटर. हिशेबाने थोडं कमी लागतं, पण चुकायला जागा हवी. दुकानात एक परीक्षा कराच. कापड तोंडावर घट्ट धरून फुंकर मारा. हवा अजिबात जात नसेल तर त्याला आतून कोटिंग आहे, नको म्हणा. रविवार पेठेत मी असं करताना दुकानदाराने विचारलं होतं, "ताई, वास येतोय का?" पण रेनकोटच्या कापडाची रजई शिवलीत तर अंगातून निघणारी वाफ आतच अडकते आणि सकाळी पॉलिफिल दमट लागतं. सुती कापडही नको, दंवाने ओलं झालं की दुपारपर्यंत वाळत नाही. पावसासाठी वर ताडपत्री असतेच, रजईला वॉटरप्रूफ व्हायची गरज नाही.

बाकी सामान: पॉलिएस्टरचा दोरा, ११ नंबरची नवी सुई, इंचभर रुंद नायलॉनची पट्टी, ३ मिलिमीटरची गोल इलॅस्टिक दोरी आठ-नऊ मीटर आणि जर्किनच्या नाडीला असतात तसले चार स्टॉपर. माझा सगळा खर्च हजाराच्या आसपास झाला.

कापताना एकच युक्ती लक्षात ठेवा. बाहेरचं कापड आतल्यापेक्षा ८ सेंटिमीटर रुंद कापायचं. रजई पाळण्यासारखी गोलाईत लटकते आणि बाहेरच्या गोलाईला लांबी जास्त लागते. दोन्ही सारखे कापलेत तर बाहेरचं कापड ताणलं जाऊन पॉलिफिल चेपतं, म्हणजे पुन्हा गोधडीच. ते जास्तीचं कापड दोन्ही आखूड बाजूंना लहान लहान चुण्या घालून मिळवून घ्यायचं. शिलाईसाठी सगळीकडे २ सेंटिमीटर जास्त ठेवा. कडा मेणबत्तीच्या आचेवरून भरकन फिरवल्या की दशा निघत नाहीत. हे काम पॉलिफिलपासून लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत करा.

शिवणं उशीच्या अभ्र्यासारखंच. टाचलेलं पॉलिफिल खाली, त्यावर आतलं कापड सुलट, त्यावर बाहेरचं उलट. चारही बाजूंनी टीप, एका आखूड बाजूला हात जाईल एवढी फट. उलटवा, फट बंद करा. टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे लावा, या कापडाला पडलेलं भोक बुजत नाही. आणि पॉलिफिल मशीनच्या दातांत अडकून गुंता होणार, शंभर टक्के होणार. त्यावर उपाय म्हणजे खाली वर्तमानपत्राची पट्टी सरकवून कागदासकट टीप मारायची आणि नंतर कागद फाडून काढायचा. टीप फार बारीक ठेवू नका, नाहीतर कागदासारखंच कापडही फाटतं.

मग नायलॉनच्या पट्टीचे चार नेफे, चारही कडांना. लांब बाजूंच्या नेफ्यांतून जाणारी इलॅस्टिक हॅमॉकच्या दोन्ही टोकांना अडकवायची. आखूड बाजूंची दोरी स्टॉपरने आवळायची, म्हणजे खांद्याकडून आणि पायांकडून वारा शिरत नाही. नेफ्याच्या तोंडाशी टीप तीन-चार वेळा पुढे-मागे मारा, सगळा ताण तिथेच येतो.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते: टांगणं. उत्तम शिवलेली रजईसुद्धा बोटभर लोंबली तर काही उपयोगाची नाही, कारण मधल्या फटीतून वारा फिरतो. फार आवळली तर चेपते. हॅमॉकमधे तुम्ही झोपता तसे, म्हणजे तिरके झोपा आणि घरातल्या कुणाला तरी रजई आणि हॅमॉकच्या मधे तळहात सपाट घालून फिरवायला सांगा. हात सगळीकडे दोन्हींना लागला पाहिजे, पण कुठेही जोर करून घुसवावा लागता कामा नये. माझ्याकडे हे काम नवऱ्याचं. त्याने सांगितलेली पोकळी दर वेळी कमरेच्या खालीच निघते, आणि बहुतेकदा आखूड बाजूची दोरी ढिली असते किंवा अख्खी रजई पायांकडे सरकलेली असते. तुम्ही तिरके झोपत असाल तर रजईही थोडी तिरकी ओढून घ्यावी लागते.

ही जुळवाजुळव जंगलात पहिल्यांदा करू नका. जानेवारीत गच्चीत किंवा बाल्कनीत एक पूर्ण रात्र काढा. दहाला गरम वाटतं त्याला अर्थ नसतो, पहाटे चारला काय वाटतं ते बघायचं. तेव्हा पाठीचा एखादा भाग गार लागला तर उठायच्या आधी तिथे हात लावून कुठली दोरी ढिली आहे ते शोधा.

शेकोटीपासून चार हात लांब टांगा, एक ठिणगी उडाली की नायलॉनला वाटाण्याएवढं भोक पडतं. घरी आणल्यावर पिशवीत कोंबून ठेवू नका, खुंटीला सैल लटकवा. धुवायची झाली तर टबात हाताने, आणि न पिळता निथळू द्या.