दवाखान्यात रक्तदाब जास्त येतो आणि घरी कमी. कोणता आकडा खरा मानावा?

दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण डॉक्टरांसमोर येणाऱ्या ताणाने अनेकांचा रक्तदाब तात्पुरता वाढतो. म्हणूनच दवाखान्यात उच्च रक्तदाबाची मर्यादा सर्वसाधारणपणे १४०/९० मानली जात असली, तरी घरच्या मोजणीसाठी ती १३५/८५ धरतात. मात्र घरी मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी व धूम्रपान टाळून, पाठ टेकवून आणि पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावे. यंत्राचा पट्टा दंडाला लहान पडत असेल, तर आकडा फुगतो. आठवडाभराच्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदी डॉक्टरांना दाखवाव्यात. चालू गोळी स्वतःहून बंद करू नये.