विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं तेव्हा

‘वडील विमानात बसायला तयारच नाहीत, काय करावं?’ हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे वरचेवर येतो. साहजिक आहे. खानदेशातल्या बऱ्याच घरांतलं एखादं पोर पुण्या-बंगळुरूला किंवा परदेशात आहे. डिसेंबर 2017 पासून ‘उडान’ या छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या सरकारी योजनेत जळगावहूनही विमानं सुटायला लागली. त्यात 12 जून 2025 रोजी अहमदाबादला विमान कोसळलं, ते सगळ्यांनी मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिलंय. त्यानंतर तर कधीही विमानात न बसलेली माणसंसुद्धा ‘आता नको रे बाबा’ म्हणू लागली.

विमानाची धास्ती घेतलेल्या अशाच एका आप्पांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल ते बदललं आहे.

आप्पा चोपड्याकडचे केळी बागायतदार. रात्रीची लाइट असली की एकटे मळ्यात पाणी भरायला जाणारे, बिबट्याच्या बातम्या असतानाही. मुलगा बंगळुरूला. त्याच्याकडून परतताना, जुलैत, मुंबईवर धो धो पाऊस. विमान खाली आलं, इमारतींचे दिवे दिसायला लागले, आणि एकदम इंजिनांचा मोठा आवाज होऊन ते पुन्हा वर निघालं. ‘विमान उभं झालं न ताई, सरळ उभं!’ आप्पा हात वर करून दाखवायचे. दुसऱ्यांदाही तेच. मग ते अहमदाबादला नेलं आणि तिथे दार न उघडता बराच वेळ बसवून ठेवलं. शेजारच्या बाई रामनाम घेत होत्या, मागे कुणाला तरी उलटी झाली. त्या दिवसापासून आप्पांची बंगळुरूवारी कर्नाटक एक्स्प्रेसने.

इथवर काही बिघडलं नव्हतं. पण मुलगा कंपनीच्या कामाने विमानात बसला की आप्पा मोबाइलवर त्याचं विमान नकाशावर बघत बसायचे. ते चिन्ह जरा वळलं की घाम. ‘उतरलास का?’ असे फोनवर फोन. शेवटी मुलगा प्रवासाचं सांगेनासाच झाला. सुनेचे दिवस भरत आले होते आणि आप्पा बायकोला म्हणत होते, ‘तू जा, मी मळा बघतो.’ मग काकू त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या.

छातीत धडधडतं म्हणाले, म्हणून आधी ईसीजी आणि तपासण्या करून घ्यायला लावल्या. सगळं ठीक निघालं. मग मी विचारलं, त्या दिवशी सगळ्यात वाईट काय वाटलं? मला वाटलं होतं, आवाज म्हणतील. ते म्हणाले, ‘पायलट बोलला नाही. पाच मिनिटं कोणी काही बोललंच नाही. मी म्हटलं, संपलं.’

त्या शांततेत त्यांनी स्वतःचं मरण पाहिलं होतं. म्हणून आम्ही त्या शांततेवरच बराच वेळ घालवला. वैमानिकांचा क्रम ठरलेला असतो: आधी विमान सांभाळायचं, मग दिशा, बोलायचं त्यानंतर. पुन्हा वर जाताना चाकं आत घ्यायची, पंखांच्या झडपा टप्प्याटप्प्याने आवरायच्या, कंट्रोल टॉवरशी बोलायचं. प्रवाशांचा नंबर शेवटी. उतरताना इंजिनं मंद असतात, ती एकदम जोर घेतात म्हणून तो आवाज. आणि ढगात बाहेरचं काही दिसत नसलं की आपल्या कानातला तोलाचा अवयव वेग वाढला तरी ‘नाक वर गेलं’ असंच सांगतो. नाक थोडंफार वर जातंच, पण विमान ‘उभं’ होतं ते आपल्या कानात.

आप्पा हुशार. लगेच म्हणाले, ‘मग केरळात काय झालं?’ कोझिकोडचा अपघात, 7 ऑगस्ट 2020, तोही पावसातला, 21 माणसं गेली. सगळे व्हिडिओ पाहून आले होते. मी हा विषय आपणहून काढत नाही, पण त्यांनी काढल्यावर टाळलाही नाही. तिथे विमान धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकलं. चौकशी अहवालाने बोट ठेवलं ते नेमकं यावर की पुन्हा वर न्यायला हवं होतं, ते नेलं नाही. आप्पा गप्प झाले. मग म्हणाले, ‘म्हणजे आमच्यावाल्याने बरोबर केलं.’

एवढं पटलं म्हणून भीती गेली का? नाही. आकडेवारी आणि समजुतीवर भागलं असतं तर माझं कामच उरलं नसतं. खोदत गेल्यावर कळलं की विमान पडण्यापेक्षा त्यांना धास्ती होती ती स्वतःची: ‘परत तसं झालं आणि मी लोकांसमोर ओरडलो तर?’ मळ्यात एकट्याने फिरणाऱ्या माणसाला ही लाज फार जड जाते.

म्हणून सराव धडधडीचा केला. माझ्या खोलीतच जागेवर उभं राहून जोरात पळायचं, छाती उडायला लागली की खुर्चीत बसायचं आणि काहीही न करता ती उतरेपर्यंत थांबायचं. धडधड चढते, काही मिनिटांत टोकाला जाते आणि उतरते, हे त्यांनी स्वतः अनुभवलं. दुसरं, हात. त्या दिवसापासून नुसती आठवण निघाली तरी ते खुर्चीचा दांडा आवळायचे. आवळलेल्या मुठी मेंदूला धोक्याचीच वर्दी देतात. तळवे उताणे मांडीवर ठेवायचे, श्वास घेतला त्याहून हळू सोडायचा. घरी, ट्रॅक्टरवर, कीर्तनात, कुठेही. नामस्मरण थांबवा असं मी कुणालाच सांगत नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते मोबाइलवरचा नकाशा सोडणं. बघितलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि पुढच्या वेळी आणखी बघावंसं वाटतं, खरूज खाजवावी तसं. मुलाशी ठरवलं: उतरल्यावर तो एकच मेसेज टाकेल, मधे आप्पांनी फोन करायचा नाही. पहिल्या वेळी ते अंगणात येरझाऱ्या घालत होते, असं काकूंनी सांगितलं. पण नकाशा उघडला नाही.

मग जळगाव विमानतळावर नुसतं जाऊन बाहेर उभं राहणं, आणि नंतर जवळचा पुण्याचा प्रवास. एटीआरचं छोटं पंख्याचं विमान, वारा जाणवतो. आल्यावर सांगत होते, ‘हाललं. धडधडलंही. काकूचा हात नाही धरला.’ नातवाच्या बारशाला विमानाने गेले.

घरच्यांना एक सांगते: परस्पर तिकीट काढून ‘सरप्राइज’ देऊ नका, आणि ‘एवढं काय घाबरायचं’ म्हणू नका. दोन पेग किंवा शेजाऱ्याची झोपेची गोळी हा उपाय नाही. भीतीचे झटके विमानाबाहेरही, बाजारात, लग्नात यायला लागले तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा, औषधाने मदत होते.

आप्पा अजूनही सवड असली की कर्नाटक एक्स्प्रेसच पकडतात. मी विचारलं, हे टाळणं तर नाही ना? म्हणाले, ‘ताई, विमानात पंधरा किलो सामान नेऊ देतात. त्यात केळी किती बसतील?’